आयर्लंडच्या पाणंदी : गाड्यांविना सायकल कुठे चालवावी, कधी चालवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे : "पुण्याहून दीड वर्षापूर्वी वॉटरफर्डला आलो. तिकडे दर रविवारी सिंहगड किंवा पानशेत व्हायचं. इथे हौसेने रोड बाइक घेतली, पण शहराबाहेर पडलं की रस्ता अरुंद, दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेली झुडपं आणि मागून सुसाट येणाऱ्या गाड्या. ग्रीनवे, म्हणजे गाड्यांना बंद असलेला सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा मार्ग, चार वेळा करून झाला. गाड्या नसलेले ग्रामीण रस्ते आहेत कुठे, ते ओळखायचे कसे? आणि आठ वर्षांच्या मुलीला कुठे घेऊन जाता येईल?"

मी तुमच्या शेजारीच, क्लॉनमेलला राहतो. २००९ पासून. कारखान्यात शिफ्टची नोकरी आहे, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहालाही सायकल काढता येते आणि जूनमध्ये रात्री नऊलाही. या दोन वेळांनी मला आयर्लंडचे रस्ते शिकवले. एकच रस्ता मंगळवारी अकरा वाजता इतका शांत असतो की आपल्याच साखळीचा आवाज नकोसा होतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला तिथे जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून "कुठे" याच्याइतकंच "कधी" हेही सांगणार आहे.

आधी ग्रीनवेबद्दल, कारण नवा माणूस तिथूनच सुरुवात करतो. वॉटरफर्ड ते डनगार्वन हा ४६ किलोमीटरचा ग्रीनवे २०१७ च्या मार्चमध्ये उघडला. खाली जुना रेल्वेमार्ग आहे आणि वर डांबर. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे असे मार्ग सायकलीला सोपे जातात. पण तो रोड बाइकचा वेग काढायला बांधलेला नाही. लहान मुलं, कुत्री, भाड्याच्या सायकलींवर पहिल्यांदाच बसलेले पाहुणे, मध्येच थांबून फोटो काढणारी कुटुंबं, सगळे तिथे हक्काने असतात, आणि तो हक्क त्यांचाच आहे. जुलैच्या रविवारी दुपारी तिथे ताशी तीसने जाणं हा उद्धटपणा आहे. मी ग्रीनवेचा उपयोग दोनच प्रकारे करतो : सकाळी आठच्या आत, किंवा एखाद्या मोठ्या फेरीतला एक तुकडा म्हणून. दुसरा प्रकार खाली सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आता रस्ते. इथले लोक ज्याला बोरीन म्हणतात ती आपली पाणंद. दोन शेतांमधून, दोन कुंपणांमधून जाणारी एका गाडीची वाट, मध्ये गवताची पट्टी. शब्दही गमतीचा आहे. आयरिशमध्ये रस्त्याला "बोहर" म्हणतात आणि त्या शब्दात "बो" म्हणजे गाय आहे. जुन्या आयरिश शब्दकोशात बोहरची रुंदी गायींनीच मोजलेली आहे : एक गाय उभी आणि एक आडवी, एवढी जागा हवी. बोरीन म्हणजे छोटा बोहर. आजही त्या रस्त्यावर गाईची हद्द आधी आणि आपली नंतर, हे मनात पक्कं ठेवलं की निम्मे प्रसंग टळतात.

आयर्लंडमध्ये रस्त्यांना अक्षरं आहेत. एम म्हणजे मोटरवे, तिथे सायकलीला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तिथे जाऊ नका. आर म्हणजे प्रादेशिक, त्यात सोनंही आहे आणि मातीही. एल म्हणजे स्थानिक, आणि आपलं खरं राज्य तिथे. एल पुढचा आकडा वाचायला शिका. १००० ते ४९९९ हे स्थानिक रस्त्यांतले मोठे, त्यांच्यावर गावातली बरीचशी वर्दळ असते. ५००० पासून पुढे दुय्यम रस्ते सुरू होतात, आणि माझ्या आवडीच्या बहुतेक वाटा याच गटातल्या आहेत. आकडा पाच अंकी झाला की सांभाळा. तो बहुधा एखाद्या रस्त्याचा फाटा असतो आणि कुणाच्या तरी अंगणात जाऊन संपतो. पहिल्या वर्षी नॉकमेलडाउन डोंगराच्या पायथ्याशी मी अशाच एका फाट्याने चार किलोमीटर चढत गेलो. शेवटी गोठा, दोन कुत्री आणि एक अत्यंत शांत म्हातारे गृहस्थ. त्यांनी पाण्याची बाटली भरून दिली, कुत्र्यांना हाकारलं आणि त्याच वाटेने परत पाठवलं. तेव्हापासून निघण्यापूर्वी रस्ता पलीकडे निघतो का, हे नकाशावर बघतोच.

नकाशा म्हणजे फोनवरचा चालेल, पण घरी १:५०,००० चा डिस्कव्हरी मालिकेतला कागदी नकाशा जरूर ठेवा. त्यावर लहान रस्त्यांतही चार मीटरहून रुंद आणि चार मीटरहून अरुंद असा भेद वेगळा दाखवलेला असतो. त्या अरुंद रेघांवर पेन्सिल फिरवत संध्याकाळ घालवणं हा माझा हिवाळ्यातला छंद आहे. फोनवरचं ॲप "सायकल मार्ग" म्हणून जे सुचवतं ते पुष्कळदा सगळ्यांत सरळ असतं, आणि जे सरळ असतं ते गाडीवाल्यांनाही सरळच वाटतं.

रिकामा रस्ता ओळखायची माझी एक कसोटी आहे, आणि इतक्या वर्षांत ती क्वचितच चुकली. नकाशावर दोन गावं घ्या. त्यांच्यामध्ये दुसरा, जास्त वेगाचा रस्ता आहे का? असेल, तर त्याला समांतर जाणारा हळू रस्ता रिकामा असणार. गाडीवाल्याला घाई असते, आणि घाई असलेला माणूस मोठ्या रस्त्याने जातो. उलट, दोन गावांना जोडणारा एकच रस्ता असेल, तर तो कितीही अरुंद, कितीही सुंदर असो, त्यावर शाळेच्या गाड्या, दुधाचे टँकर आणि कामाला जाणारी माणसं असणारच. बाहेरून आलेले लोक नेमके इथे फसतात. रस्ता अरुंद म्हणजे शांत असं धरून चालतात.

या कसोटीचं उत्तम उदाहरण तुमच्या दाराशीच आहे. एम ९ मोटरवे २०१० मध्ये पूर्ण झाला. त्याआधी वॉटरफर्डहून डब्लिनकडे जाणारी सगळी वाहतूक जुन्या एन ९ वरून मलिनव्हॅट, थॉमसटाऊन, गॉरन अशा गावांमधून जायची. मोटरवे झाला आणि त्या रस्त्याचं नाव आर ४४८ झालं. नाव बदललं, पण रुंदी तीच राहिली. बऱ्याच भागात कडेला पिवळ्या तुटक रेषेबाहेरचा पट्टा अजून आहे, म्हणजे सायकलीला जवळजवळ स्वतःची मार्गिका. गावांजवळ थोड्या गाड्या लागतात, मधल्या भागात फारशा नाहीत. तसाच आर ६३९. एम ८ सुद्धा २०१० मध्येच पुरा झाला आणि डब्लिन-कॉर्कचा जुना रस्ता मोकळा पडला. केहरहून मिचेल्सटाऊनकडे निघा. उजव्या हाताला गॉल्टी पर्वत, ९०० मीटरहून उंच, डाव्या हाताला नॉकमेलडाउन, आणि मधून हा रुंद, सौम्य चढउताराचा रस्ता. गडगडाट पलीकडे मोटरवेवर चाललेला असतो, तुम्ही इकडे. ज्यांना झुडपांमधल्या आंधळ्या वळणांची भीती वाटते त्यांना मी पहिले दोन महिने असे जुने राष्ट्रीय रस्तेच सुचवतो. मागून येणाऱ्याला तुम्ही अर्धा किलोमीटर आधीपासून दिसता. भीती तिथे उतरते, मग पाणंदीत शिरा.

आता ती मोठी फेरी. सकाळी लवकर वॉटरफर्डहून ग्रीनवेने निघा आणि किलमॅक्थॉमसला या, साधारण २४ किलोमीटर. गावावरून गेलेल्या आठ कमानींच्या दगडी पुलावरूनच ग्रीनवे जातो. इथे ग्रीनवे सोडा आणि उत्तरेला मॅहन ब्रिजच्या दिशेने चला. कॉमरा डोंगर समोर भिंतीसारखा उभा असतो. मॅहन ब्रिजहून मॅहन धबधब्याकडे वर चढणारा छोटा रस्ता आहे. चढ कडक आहे. सिंहगडाएवढा लांब नाही, पण आयरिश रस्त्याची एक खोड तिथे कळते : तो वळणं घेत बसत नाही, सरळ वर जातो. मागे ३२ दात्यांचं चक्र असेल तर गुडघे आशीर्वाद देतील. वर पोचलात की झुडपं संपतात, उघडा माळ लागतो, मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात आणि सुमारे ८० मीटर उंचीचा धबधबा काळ्या कड्यावरून उतरताना दिसतो. रस्त्यात मेंढ्या अडवायला लोखंडी पट्ट्यांची जाळी टाकलेली असते. ती नेहमी सरळ ओलांडायची, चाक आडवं करायचं नाही, आणि ओली असेल तर ब्रेकला हातही लावायचा नाही.

उतरून आलं की दोन पर्याय. डोंगराच्या पायथ्याने आर ६७६ ला समांतर जाणाऱ्या लहान वाटा धरून कॅरिक-ऑन-शूरकडे उतरा, किंवा दक्षिणेला वळून पुन्हा ग्रीनवेला मिळा. पहिला पर्याय घेतलात तर तुम्ही शॉन केलीच्या गावात उतरता. ऐंशीच्या दशकातला तो जगातला सर्वांत सातत्यपूर्ण शर्यतपटू मानला जातो. त्याच्या नावाचा चौक गावात आहे. १९९८ मध्ये टूर द फ्रान्सची सुरुवात डब्लिनमधून झाली, तेव्हा दुसरा टप्पा एनिसकॉर्थीहून कॉर्कला जाताना मुद्दाम या गावातून नेला होता. सॅम बेनेटही इथलाच. एवढ्याशा गावातून दोन असे सायकलपटू कसे निघाले, हे त्या आसपासच्या वाटांवर महिनाभर घाम गाळला की आपोआप समजतं.

कॅरिकहून क्लॉनमेलपर्यंत शूर नदीच्या काठाने २१ किलोमीटरची वाट आहे. पूर्वी घोडे काठावरून चालत नावा ओढायचे, त्यांची ती वाट. एकही गाडी नाही, एकही चढ नाही, बगळे आणि पाणी. पावसाळी महिन्यांत नदी चढली की काही भाग पाण्याखाली जातो, तेव्हा आदल्या दिवशी पाणी बघून घ्या.

वेळेबद्दल सांगायचं तर ग्रामीण आयर्लंड घड्याळापेक्षा गाईच्या कासेवर चालतो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा ही धारांची वेळ. या वेळी कळप रस्ता ओलांडतात. दोऱ्या आडव्या बांधलेल्या दिसतील. तिथे थांबायचं, एक पाय टेकवायचा, घंटी वाजवायची नाही. शेतकरी हात वर करून ओळख देतो, आपणही द्यायची. गाई गेल्यावर रस्त्यावर जे उरतं त्यावर वळताना चाक घसरतं, तेवढं लक्षात ठेवा. सव्वाआठ ते सव्वानऊ आणि दुपारी दोन ते साडेतीन ही शाळांची वेळ. त्या वेळी शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत शिरूच नका. गाड्या चालवणारे आईबाप वाईट नसतात, उशिरा निघालेले असतात.

सर्वांत सुरेख वेळा दोन. रविवारी सकाळी आठ ते दहा, म्हणजे चर्चची गर्दी सुरू होण्याआधी. आणि जूनमध्ये संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. तुमच्याकडे जूनच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. रात्रीचं जेवण उरकून दोन तास सायकल चालवावी आणि तरी उजेडात घरी यावं, हे सुख आपल्याकडे कुठल्याच ऋतूत मिळत नाही. आणखी एक खास दिवस असतो : जुलैमधला हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा, अखिल आयर्लंड अंतिम सामना. २० जुलै २०२५ ला टिपरेरी, म्हणजे आमची काउंटी, आणि कॉर्क भिडले त्या दुपारी मी क्लॉनमेलहून आर्डफिननमार्गे क्लॉहीनपर्यंत गेलो. आर ६६५ हा एरवी बऱ्यापैकी वाहता रस्ता. त्या दोन तासांत मला मोजून तीन गाड्या दिसल्या. घराघराच्या उघड्या खिडकीतून समालोचन ऐकू येत होतं, त्यामुळे धावसंख्या, म्हणजे गुणसंख्या, मला रस्त्यावरच कळत गेली. टिपरेरी जिंकली, आणि मी गावात शिरेपर्यंत मोटारींचे भोंगे सुरू झाले होते. तेव्हा सामना संपायच्या आत घर गाठा.

क्लॉहीन आलंच आहे तर व्हीचा उल्लेख करतो. क्लॉहीनहून लिस्मोरकडे जाणारा आर ६६८ नॉकमेलडाउनच्या अंगावर चढतो आणि मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखं केसाच्या आकड्याचं वळण घेतो. हा चढ सोसवणारा आहे, सलग आणि सम. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला संपूर्ण डोंगरउतार ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी जांभळा होतो. दिसायला अप्रतिम, पण ती बाहेरून आलेली वनस्पती आहे आणि इथल्या रानाला तिने गिळत आणलं आहे. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिथे मोटारींची रांग असते. म्हणून मी सांगेन की मंगळवार-बुधवारी जा. लिस्मोरला उतरलात की ब्लॅकवॉटर नदीच्या काठचा किल्ला बघा आणि तिथून पूर्वेकडच्या लहान वाटांनी डनगार्वन गाठून ग्रीनवेने घरी या. शंभराहून जास्त किलोमीटर होतात, आणि त्यांतला मोठा भाग जवळजवळ वाहनमुक्त असतो.

धोक्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण शांत रस्त्यावरचे धोके वेगळे असतात. मोठ्या रस्त्यावर भीती मागून असते, पाणंदीत ती समोरून असते. वाट एका गाडीची, वळण आंधळं, आणि समोरून येणाऱ्यालाही वाटत असतं की इथे कोण येणार. माझा नियम असा : जेवढा रस्ता पुढे दिसतो आहे त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. निम्म्या, कारण उरलेलं निम्मं समोरच्याला लागणार आहे. उतारावर हा नियम पाळणं जिवावर येतं, तरी पाळा. दुसरं, आपल्याला डावीकडून चालायची सवय आहेच, इथेही तेच, पण डाव्या वळणावर कुंपणाला चिकटून जाऊ नका. चिकटलात तर मागच्याला आणि पुढच्याला दोघांनाही तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. वळणापूर्वी थोडं मध्ये या, दिसा, गाडी आली की पुन्हा कडेला व्हा. कानात काही घालू नका. पाणंदीत कान हेच डोळे आहेत.

मे-जूनमध्ये सायलेजचा हंगाम असतो. गवत कापून, दाबून, गुरांच्या हिवाळ्यासाठी साठवायचं. पाऊस यायच्या आत ते उरकायचं असल्यामुळे कंत्राटदारांचे प्रचंड ट्रॅक्टर आणि ट्रेलर रात्री उशिरापर्यंत धावतात. ट्रेलर संपूर्ण पाणंद व्यापतो, कुंपणाची पानं घासत जातो. इंजिनाचा आवाज आला की जवळचं शेताचं फाटक शोधा आणि त्याच्या खाचेत शिरून उभे राहा. तो पुढे गेल्यावर लगेच निघू नका. एक आला की मागे दुसरा असतोच.

कुंपणांचीही एक गंमत आहे, गंमत कसली, ताप आहे. वन्यजीव कायद्याप्रमाणे १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपण छाटायला मनाई आहे, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. म्हणजे १ सप्टेंबरपासून छाटणी यंत्रं बाहेर पडतात. हॉथॉर्नच्या काट्या रस्त्यावर पसरतात, आणि तो काटा बाभळीच्या काट्याचा सख्खा भाऊ आहे. एका नोव्हेंबरमध्ये रॅथगॉर्मकजवळ एका किलोमीटरात मी तीन ट्यूब घालवल्या आणि सायकल खांद्यावर घेऊन चालत निघालो. आता सप्टेंबर ते फेब्रुवारीत मी ३२ मिलिमीटरचे जाड टायर लावतो, दोन ट्यूब आणि चिकटपट्ट्या बरोबर ठेवतो, आणि ताजी छाटलेली कुंपणं दिसली की सरळ दुसरा रस्ता धरतो. उन्हाळ्यातही २८ च्या खाली जाऊ नका. इथे रस्त्यावर डांबर फवारून वर खडी टाकतात आणि गाड्यांच्या चाकांनीच ती दाबली जाऊ देतात. सैल खडीची पाटी दिसली तर वेग अर्धा करा.

कुत्र्यांचं म्हणाल तर इथे मोकाट टोळ्या नसतात. प्रत्येक कुत्रं कुठल्या तरी अंगणाचं असतं आणि अंगणाची हद्द संपली की त्याचा राग संपतो. वेग वाढवून पळालात तर तो मेंढी समजून मागे लागतो, बहुतेक जण मेंढ्या वळणारेच आहेत. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि खणखणीत आवाजात "गो होम" म्हणा.

कायद्याचं बळही थोडं तुमच्या बाजूने आहे. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली गेली. नोव्हेंबर २०१९ पासून सायकलस्वाराला धोकादायक रीतीने ओलांडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ५० पेक्षा जास्त मर्यादेच्या रस्त्यावर दीड मीटर अंतर सोडावं, असा सल्ला चालकांना दिलेला आहे. दोघांनी शेजारीशेजारी चालवायला परवानगी आहे. मागचा लाल दिवा मात्र दिवसाढवळ्याही लावा. झाडांच्या सावलीचा बोगदा झालेल्या रस्त्यात काळ्या जर्सीतला माणूस दिसतच नाही.

गावांच्या नावांवरून चढ ओळखायची सवय लावून घ्या. आपण नकाशावर घाट किंवा खिंड वाचली की कंबर कसतो, तसंच इथेही आहे, फक्त आयरिश शब्द इंग्रजी वेशात असतात. नॉक म्हणजे टेकडी. ड्रम म्हणजे कणा, डोंगराची धार. कॅरिक म्हणजे खडक. क्लॉन म्हणजे कुरण, म्हणून क्लॉनमेलला सपाटी. बॅलाह म्हणजे खिंड, ॲथ म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा. ज्या पट्ट्यात दर दोन मैलांवर ड्रम लागतं, उदाहरणार्थ कॅव्हन आणि मॉनहन, तिथे मोठा डोंगर एकही नसतो पण सपाट जमीनही नसते. अंड्यांच्या टोपलीसारख्या शेकडो टेकड्या. दिवसअखेर पाय सांगतात.

देशात इतरत्र जायचं झालं तर थोडक्यात. ॲथलोन ते मलिंगार या जुन्या रेल्वेमार्गावरची वाट डांबरी आणि सपाट आहे, रूळही अजून शेजारी पडून आहेत. सुरुवातीच्या लांब पल्ल्याच्या सरावाला उत्तम. मेनूथहून लाँगफर्डमधल्या क्लूनदरापर्यंत रॉयल कालव्याच्या काठाने १३० किलोमीटरचा मार्ग २०२१ मध्ये उघडला, पण त्यात दाबलेल्या बारीक खडीचा भाग बराच आहे, पातळ टायरांना तो सोसत नाही. लिमरिकचा रॅथकील ते ॲबीफील हा ४० किलोमीटरचा मार्ग मला वैयक्तिकरीत्या वॉटरफर्डइतकाच आवडतो, गर्दी कमी आणि बार्नाचा बोगदा मध्ये. मेयोमधला वेस्टपोर्ट ते ॲकिल हा या सगळ्यांचा थोरला भाऊ, १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर, जमीनमालकांच्या परवानगीने झालेला. देखणा आहे, पण रोड बाइकपेक्षा रुंद टायरची सायकल न्या. आणि खरंच एकही गाडी नको असेल तर बेट गाठा. इनिश मोर बेटावर पाहुण्यांना स्वतःची मोटार नेता येत नाही. बंदरावरच सायकल भाड्याने मिळते. तिथल्या मिनीबस आणि घोडागाड्या दुपारी वरच्या रस्त्यावर असतात, तेव्हा आपण किनाऱ्यालगतचा खालचा रस्ता धरायचा. पश्चिम कॉर्कमध्ये गेलात आणि रविवारी पाणंदीत माणसांचा घोळका दिसला, तर तो रस्त्यावर लोखंडी गोळा फेकण्याचा खेळ असू शकतो. गोळा सुमारे ८०० ग्रॅमचा असतो. उतरून कडेला उभे राहा, ते हाताने खूण करतील तेव्हाच निघा.

वाऱ्याबद्दल एकच : तो बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो. जाताना तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलंत तर शेवटचे वीस किलोमीटर चाळीस होतात.

आता तुमच्या मुलीचं. तिला पाणंदीत नेऊ नका, अजून दोन-तीन वर्षं तरी. वरचा निम्म्या अंतराचा नियम आठ वर्षांच्या मुलाला पाळता येत नाही. तिला ग्रीनवेवरच न्या, पण वॉटरफर्डच्या टोकाने सुरू करू नका. गाडीने किलमॅक्थॉमसला जा आणि तिथून डनगार्वनच्या दिशेने निघा, सुमारे २२ किलोमीटर. एकदम सगळं जमलं नाही तर बारा किलोमीटरवर डरो आहे, तिथे जुन्या स्टेशनचे वेलींनी गिळलेले अवशेष आहेत, थांबून खाऊन घ्या. त्यानंतर बॅलीव्हॉइलचा बोगदा लागतो, जवळपास ४०० मीटर लांब, विटांचा, भिंतींवरून पाणी ठिबकणारा. आत मंद दिवे आहेत, तरी तिच्या सायकलला पुढचा दिवा लावा. बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी नेचे इतके दाट आहेत की आत शिरताना हिरवं आणि मग एकदम काळं होतं. बोगद्यापुढे उंच पूल आहे. तो १९२२ च्या यादवी युद्धात उडवून दिला होता आणि दोन वर्षांनी पुन्हा बांधला. मग डावीकडे समुद्र उघडतो, आणि तिथून डनगार्वनपर्यंत बहुतेक उतारच आहे. शाळा सुरू असताना एखाद्या शनिवारी सकाळी नऊला निघालात, तर बोगद्यात तुम्ही दोघंच असाल. तिला आत ओरडू द्या. आवाज छान घुमतो.